डिपॉझिट ही अमानत की कर्ज?

घरभाड्याच्या डिपॉझिटला आपण सहज अमानत म्हणतो. पण अमानत जशीच्या तशी जपायची असते, वापरायची नसते. घरमालक तर ही रक्कम वापरतो. म्हणूनच अनेक उलेमा तिला कर्ज मानतात. कर्ज म्हटलं की परतफेड पूर्ण हवी. मोडतोड झाली असेल तर तिचा हिशेब वेगळा दाखवावा.

सेनगावात खोली सोडल्यावर माझे 10 हजार असेच अडकले होते. चावी दिली, वीजबिल भरलं, तरी दोन महिने "रंगाचा खर्च निघू द्या" हेच उत्तर. मशिदीत भेटले की "इन्शाअल्लाह, पुढच्या जुम्याला." अल्लाहचं नाव वायद्यासाठी घ्यावं, टाळाटाळीसाठी नव्हे.

माझ्याकडे पावती होती. तिची झेरॉक्स आणि चावी दिल्याची तारीख जोडून अर्ज लिहिला, मोहल्ल्यातल्या दोन बुजुर्गांसमोर दिला. आठवड्यात पूर्ण पैसे मिळाले.

कागद मागितला की आपल्याकडे लोक म्हणतात, "आपसमें काय की लिखापढी, सर?" पण कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची 282वी, कर्ज साक्षीदारांसह लिहून ठेवायलाच सांगते. राज्याचा 1999चा भाडे नियंत्रण कायदाही करार लेखी आणि नोंदणीकृत मागतो. ती जबाबदारी घरमालकावर टाकतो.

लिहिणं म्हणजे अविश्वास नव्हे. खोली घेताना रक्कम, तारीख आणि परतीची मुदत लिहून दोघांनी सही करा. सलाम-दुआ त्यानेच टिकते.