अनुभवाचा दाखला

आमच्या घरात दोन धंदे आहेत. एक जण उर्दू शाळेत शिकवते आणि दुसरा झाडांवर चढतो. लिहिण्याचे काम शिकवणारीकडे आले आहे. पण जे घडले ते दोघांचे आहे, म्हणून 'आम्ही' असेच लिहितो.

जव्हारचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. जून लागायच्या आधी विजेच्या तारांवर आलेल्या फांद्या, शाळेच्या पत्र्यावर वाकलेला गुलमोहर, एखाद्या बंगल्यावर कललेला आंबा, सगळ्यांसाठी माणूस शोधला जातो. आमच्यातला चढणारा पंधरा-सोळा वर्षे तो माणूस आहे. गावात त्याला 'झाडवाला' म्हणतात. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' ह्या रकान्यात मात्र आम्ही 'मजुरी' लिहीत आलो.

2022 च्या ईदला दुबईहून आमचा एक मावसभाऊ आला. तिकडे तो बागांचे काम करणाऱ्या कंपनीत हिशेब लिहितो. चहा पिता पिता म्हणाला, "भाईजान, माळी म्हणून याल तर माळ्याचा पगार. पण झाडांच्या कामाचे सर्टिफिकेट असेल तर गोष्टच वेगळी." इंग्रजीत अशा माणसाला 'आर्बोरिस्ट' म्हणतात, हा शब्द आमच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा आला. शिकवणारीने तो फळ्यावर लिहावा तसा कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला.

मग शोध सुरू झाला. इंग्लंडात करवत चालवण्याचा दाखला वेगळा, दोरावर चढण्याचा वेगळा. ऑस्ट्रेलियात झाड कापणाऱ्याची पायरी एक आणि झाड तपासून अहवाल देणाऱ्याची दुसरी. सगळ्यांत जास्त देशांत ओळखली जाते ती आंतरराष्ट्रीय वृक्षसंवर्धन संस्थेची परीक्षा. ही संस्था 1924 सालची, अमेरिकेतली. तिचा दाखला 1992 पासून दिला जातो. 200 प्रश्न, साडेतीन तास, संगणकावर. झाडाची रचना, माती, छाटणी, रोग, धोक्याची पारख, सुरक्षितता, सगळे त्यात येते. परीक्षेला बसण्याआधी तीन वर्षांच्या अनुभवाचा पुरावा द्यावा लागतो. फी डॉलरमध्ये. आमची शाळा अंशतः अनुदानित. पगाराचे गणित मांडले, तेव्हा एक बांगडी मोडावी लागेल हे कळले. मोडली.

इशानंतर मुलगी झोपली की आम्ही अभ्यासाला बसायचो. चढणाऱ्याचे शिक्षण दहावीपर्यंत उर्दूतून झालेले. शिकवणारीने वही आखली, रकाने तीन: इंग्रजी, उर्दू, मराठी. फोटोसिंथेसिस, झियाई तालीफ, प्रकाशसंश्लेषण. झायलेम म्हणजे जलवाहिन्या, फ्लोएम म्हणजे रसवाहिन्या. 'ब्रांच कॉलर' ह्या शब्दाला चढणारा हसला. म्हणाला, "फांदीला शर्ट घातलाय काय?" फांदी खोडाला मिळते तिथे जो फुगवटा असतो तो कॉलर. फांदी त्याच्या बाहेर कापायची, फुगवट्याला धक्का लावायचा नाही. हे वाचल्यावर मात्र तो गप्प झाला. मग म्हणाला, "हे तर काका सांगतात. ते त्याला गाठ म्हणतात."

तेव्हा वहीत चौथा रकाना आखला. तो काकांचा.

काका म्हणजे मोखाड्याकडच्या पाड्यावरचे वारली गृहस्थ. चढणाऱ्याला झाडावर त्यांनीच चढवले. त्यांना सही येत नाही. आमच्या भागात भातरोपे आणि नागलीच्या रोपांसाठी राब भाजतात, त्यासाठी ऐनाच्या फांद्या दरवर्षी छाटतात. कुठे कापले की पुढच्या साली तिथूनच धुमारे फुटतात आणि कुठे कापले की झाड कुजते, हे काकांच्या हाताला लहानपणापासून ठाऊक. मोठी फांदी उतरवताना आधी खालून दात मारायचा, मग थोडे पुढे जाऊन वरून कापायचे, आणि उरलेले खुंट शेवटी गाठीजवळ. म्हणजे फांदीच्या वजनाने खोडाची साल सोलून येत नाही. पुस्तकात ह्याला 'तीन काप' म्हटले आहे, आकृतीसह. काकांनी आकृती पाहिली आणि म्हणाले, "बराबर काढलंय. कोणी दाखवलं त्यांना?"

अमेरिकेत अ‍ॅलेक्स शिगो नावाचे एक शास्त्रज्ञ होऊन गेले (1930–2006). त्यांनी हजारो झाडे उभी चिरून आतली कुज तपासली. त्यांचे म्हणणे असे की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड त्या जागेभोवती आतून भिंती उभारते, कुज तिथेच कोंडते आणि बाहेरून नवे लाकूड चढवत वाढत जाते. जखम आत तशीच असते. म्हणून कापलेल्या जागी डांबर फासण्याचा उपयोग नाही. हा धडा आम्ही दोघांनी दोनदा वाचला. का, ते पुढे येईल.

खजुराचा धडा आला तेव्हा पुन्हा काका. तरुणपणी ते डहाणूकडे शिंदीच्या झाडांवर रस काढायला चढायचे. शिंदी ही खजुराची जातभाई. "शिंदीचा गाभा एकदा कापला की ती मेली," काका म्हणाले, "ती आंब्यासारखी बगलेतून फुटत नाही." ताडामाडाच्या जातीत वाढीचा कोंब शेंड्याला एकच असतो आणि खोडाला झालेली जखम नव्या लाकडाने झाकली जात नाही, असे पुस्तक सांगते. शिकवणारीने दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी लिहिली.

मग अनुभवाच्या दाखल्याशी येऊन गाडी अडली.

काही वर्षांपूर्वी चढणारा एका कंत्राटदाराकडे रोजावर होता. पावसाच्या तोंडावर एका जुन्या उंबरावर काम चालू असताना वरची फांदी फिरली आणि त्याचा उजवा हात मोडला. तो दोराला लटकत राहिला. खाली माणसे ओरडत होती. काका कोयता टाकून वर गेले, त्याला आपल्या कमरेला बांधले आणि फांदीफांदीने खाली आणले. परीक्षेच्या पुस्तकात ह्या कामावर स्वतंत्र भाग आहे. त्या दिवशी झाडाखाली उभ्या असलेल्या कोणालाही, काकांनासुद्धा, ह्याला काही नाव असते हे माहीत नव्हते. विमा नव्हता, हजेरीपट नव्हता. कंत्राटदाराने दवाखान्यात पाचशे रुपये दिले आणि पुन्हा आला नाही.

आता त्याच कंत्राटदाराकडे दाखला मागायला आम्ही दोघे गेलो. त्याने आम्हाला बसवले, चहा मागवला. म्हणाला, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. हा माझ्याकडे कामाला होता असे लिहून दिले, तर त्या दिवशीही तो माझ्याच कामावर होता असा अर्थ होतो." त्याचे म्हणणे चूक नव्हते. तोच अर्थ होत होता. परत येताना एसटीत आम्ही बोललो नाही.

वाट मिळाली ती कायद्याच्या कागदांतून. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे. झाड तोडायचे तर आधी परवानगी लागते. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हटले आहे. 2017 च्या जुलैत मुंबईत चेंबूरला नारळाचे झाड अंगावर पडून एक बाई गेली. तेव्हापासून आमच्याकडे सोसायट्यांची बोलावणी वाढली होती, आणि हात जुळल्यावर चढणारा स्वतःच कामे घेऊ लागला होता. प्रत्येक कामाची पावती आणि परवानगीची प्रत शिकवणारीने बिस्किटांच्या डब्यात ठेवली होती. मास्तरकीची सवय. स्वतःचा धंदा करणाऱ्याने बिले दाखवली तरी चालतात हे नियमात सापडले. डबा उपडा केला. तीन वर्षे आणि चार महिने भरले.

पहिल्या खेपेस चढणारा नापास झाला. मुंबईच्या केंद्रातून बाहेर येऊन म्हणाला, "झाडाचे सगळे येत होते. प्रश्न काय विचारतोय तेच उशिरा कळत होते." हे वाक्य शिकवणारीला लागले. आपल्या वर्गातली पोरे असेच म्हणत असतील आणि आपण शून्य देत असू, असे तिच्या मनात आले. दुसऱ्या खेपेस, आठ महिन्यांनी, तो पास झाला.

आता दुबईच्या कंपनीचे पत्र आले आहे. चढणारा 39 वर्षांचा आहे. करार दोन वर्षांचा, कुटुंब नेता येणार नाही. मुलगी सातवीत आहे. आम्ही 'हो' कळवले आहे, आणि कळवल्यापासून दोघांनाही झोप नीट लागत नाही. जी जखम कोंडून आपण पुढे वाढतो आहोत तिचे काय, हे एकमेकांना विचारायचे आम्ही टाळतो.

काकांना पत्र वाचून दाखवले. त्यांना आनंद झाला. मग म्हणाले, "तिकडं दोर कोण धरील?" उत्तर आमच्याकडे नव्हते. पुस्तकात लिहिले आहे की खाली एक जाणता माणूस हवाच. तो कोण असेल ते पुस्तक सांगत नाही.

गेल्या महिन्यात शाळेच्या गुलमोहराची छाटणी होती. शिकवणारीने हट्ट धरून काकांना बोलावले. नववीची मुले खाली, सुरक्षित अंतरावर, वह्या घेऊन बसली. काका बोलत होते, चढणारा वर कापून दाखवत होता. नंतर शाळेच्या नोंदवहीत मार्गदर्शकाची नोंद करायची होती. नाव लिहिले. पुढचा रकाना 'शैक्षणिक पात्रता'. शिकवणारीचे पेन थांबले. मग तिने तिथे 'झाडांचे काम, 45 वर्षे' असे लिहिले. मुख्याध्यापकांनी वाचले, काही बोलले नाहीत, सही केली आणि शिक्का मारला. काकांनी अंगठा उठवला.

त्या पानाची एक प्रत काढून आम्ही काकांना दिली. घडी करून ती त्यांनी डोक्याच्या टोपीत ठेवली आणि पाड्याकडे निघाले.