दतिया गेटापाशी शाळा काढू पाहणाऱ्या ताईंना



दतिया गेटाच्या आत दोन खोल्या भाड्याने घेऊन बहुभाषिक प्राथमिक शाळा काढायचं तुमच्या मनात आहे, हे कळल्यावर मनापासून आनंद झाला. झाशीतली आपली जुनी मराठी घरं ही बातमी ऐकून हरखून जातील. इथल्या नेवाळकर राजघराण्याचं नाव निघेल, राणी लक्ष्मीबाईंची तसबीर भिंतीवर लागेल आणि पहिल्या दिवसापासून मराठीचा तास असावा असा आग्रह होईल. मी त्याच घरांतली आहे, तरी माझी विनंती उलटी आहे. सुरुवात बुंदेलीपासून करा.

तुमच्या दारात येणारी बहुतेक मुलं बुंदेली बोलतच येणार. मूल ‘मोड़ा’ म्हणालं की ‘लड़का’ म्हण, असं आपण सहज बजावतो. आईची बोली इथे चालत नाही हे आठवड्याभरात त्याच्या ध्यानात येतं आणि ते बोलायचंच थांबतं. मग त्याला हिंदी, मराठी, इंग्रजी काहीही शिकवा, वरवरचं राहतं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, म्हणून १९५६ साली राज्यघटनेत ३५०-अ हे कलम आलं. त्याचा आधार आपण मराठी माणसं घेऊ शकतो. बुंदेली मात्र जनगणनेत हिंदीतच मोजली जाते, म्हणून तिच्या बाजूने बोलायला फारसं कुणी उभं राहत नाही. ते तुम्ही करावं असं मला फार वाटतं.

ताराबाई मोडकांचं काम तुम्हाला ठाऊक असेलच. भावनगरात गिजुभाई बधेकांबरोबर या मराठी बाईंनी गुजराती मुलांसाठी बालशिक्षणाचा पाया घातला. पुढे १९४५ साली बोर्डीला आणि १९५७पासून कोसबाडच्या टेकडीवर त्या आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ वारली मुलांमध्ये राहिल्या. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. शिंपले, बिया, खडे, पानं हेच साधनांचं कपाट. पैसा नव्हता म्हणून काम अडलं नाही. मुलाच्या अंगणापासून सुरुवात करायची, हा त्यांचा धडा दतिया गेटालाही लागू आहे.

पुस्तकांसाठी देणग्या मागत फिरू नका. आज गल्लीत काय झालं, ते एका मुलाला विचारा. ते जे सांगेल ते त्याच्याच बोलीत, जसंच्या तसं, जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर ठळक अक्षरांत लिहा आणि शब्दांवर बोट फिरवत त्याला वाचून दाखवा. खाली चित्र त्यानेच काढायचं. अशी दहा-बारा पानं झाली की दाभणाने भोकं पाडून जाड दोऱ्याने शिवा. झालं पुस्तक, आणि ते मूल दुसऱ्यांना वाचून दाखवायला स्वतःहून उठेल. बुंदेली, हिंदी, मराठी तिन्ही देवनागरीत असल्याने भिंतीवर एकच अक्षरतक्ता पुरतो. मराठीसाठी पुढे ‘ळ’ वाढवायचा. उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुलंही आली, तर उर्दूची लिपी वेगळी. तिच्यासाठी मोहल्ल्यातलीच एखादी शिकलेली मुलगी मानधनावर घ्या. इथे काटकसर नको.

एक व्यवहाराची गोष्ट. शिक्षण हक्क कायद्यानुसार मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही. दंड एक लाखापर्यंत, आणि त्यानंतरही चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, दर शिक्षकामागे एक वर्गखोली, शिवाय मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, मैदान असं सगळं लागतं. दोन खोल्यांत ते आज जमणार नाही. म्हणून पहिली दोन वर्षं, सरकारी शाळेत नाव असलेल्या मुलांचा संध्याकाळचा वर्ग चालवा. तोवर पालकांचा विश्वास बसेल, जागेचंही बघता येईल.

आणि मराठी? ती आश्विनात आणा. पितृपक्षात इथल्या मुली बोरीची काटेरी फांदी फुलांनी सजवून गाणी म्हणत मामुलिया खेळतात. पाठोपाठ नवरात्रात आपला भोंडला. मुलींना आधी मामुलिया मांडू द्या, आपल्या बायकांना ती शिकू द्या. मग मधे पाटावर हत्ती काढून सगळ्यांनी फेर धरा. खिरापत आमच्या घरून येईल. गाणी लिहून काढायला मी बसेन, मराठी आणि बुंदेली दोन्ही. तुमचा वर्ग कुठल्या महिन्यात सुरू होतोय तेवढं कळवा.

तुमची,
झाशीतली एक मराठी शेजारीण