सही तुझीच, साक्षही तुझीच?

'ट्रू कॉपी' हा शब्द ऐकला की आपल्या मोठ्या भावंडांच्या पोटात अजून गोळा येतो. मार्कमेमो, टी.सी., जातीचा दाखला यांच्या झेरॉक्सचा गठ्ठा काखेत मारायचा आणि राजपत्रित अधिकारी शोधत फिरायचं. साहेब कधी मीटिंगमध्ये, कधी दौऱ्यावर! मंठा-जाफ्राबादहून जालन्याला आलेल्या पोराचा अख्खा दिवस एका शिक्क्यापायी जायचा. २०१४ साली केंद्र सरकारने आणि २०१५ साली महाराष्ट्र शासनाने बऱ्याच कामांसाठी ही सक्ती काढून टाकली. आता झेरॉक्सवर आपणच सही ठोकतो... 'स्वयं-साक्षांकित'. पण ही सही चालते, कारण पुढे कधीतरी मूळ कागद दाखवावा लागतो आणि खोटं निघालं तर आपल्यावर शेकतं. सहीच्या मागे पडताळणी उभी असते, म्हणून तिला किंमत.

हे पुराण सांगायचं कारण म्हणजे आमचं फायनल इयरचं प्रोजेक्ट.

आम्ही चौघांनी अंबड-घनसावंगी भागातल्या मोसंबी बागायतदारांसाठी मोबाईल ॲप करायला घेतलं होतं. आंबिया बहार किती, मृग बहार किती, तोडणी कधी झाली, व्यापाऱ्याने कोणता भाव दिला, पट्टीवर काय लिहिलं, या सगळ्याची नोंद ठेवायची. पैसे खात्यावर यावेत म्हणून खाते नंबर आणि पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटोही घ्यायचा. अँड्रॉइड आणि आयफोनसाठी वेगवेगळं लिहायला वेळ कुणाला? म्हणून हायब्रीड ॲप. म्हणजे आतून वेबपेजच, पण वरून ॲपचा अंगरखा. आम्ही कॉर्डोव्हा वापरलं. सर्व्हर म्हणजे लॅबमधला एक जुना पीसी. त्यावर एचटीटीपीएस चालू करायला प्रमाणपत्र लागतं, ते आम्ही ओपनएसएसएलने घरच्या घरी तयार केलं. यालाच सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट म्हणतात. अर्ज आपला, सही आपली, साक्षीदारही आपणच!

लॅबच्या ब्राउझरमध्ये ते उघडलं की 'हे सुरक्षित नाही' असा इशारा यायचा. 'तरीही पुढे जा' दाबलं की काम चालू. फोनवर डीबग ॲप टाकलं तर इशारासुद्धा नाही, यादी धडाधड दिसायची. आम्ही खूश! गंमत पुढेच होती. पासबुकाचा फोटो काही केल्या वर जाईना. आणि सरांना दाखवायला म्हणून रिलीज ॲप बनवलं, तर यादीही गायब. स्टेटस शून्य, एरर काही नाही, पडदा पांढराफटक.

दोन रात्री कोड चाळल्यावर भानगड कळली. ॲप डीबग असेल तर कॉर्डोव्हाचा अँड्रॉइड भाग वेबव्ह्यूमधली प्रमाणपत्राची तक्रार मुकाट्याने सोडून देतो. ही डेव्हलपरसाठी केलेली सोय. रिलीजमध्ये ती सोय नाही, म्हणून जोडणी तुटते. फोटो मात्र वेबव्ह्यूतून जातच नव्हता. तो प्लगिनमधून, म्हणजे फोनच्या मूळ कोडमधून जात होता आणि तिथे तपासणी पहिल्यापासून कडक होती. म्हणजे एकाच ॲपला दोन दारं. एका दारावरचा वॉचमन झोपलेला, दुसऱ्यावरचा जागा!

माझ्या रूम पार्टनरने रात्री दीड वाजता उपाय शोधला. "काहून डोकं पिकवू राहिला? एक ओळ टाक, एरर आली की 'प्रोसीड' म्हणायचं. प्लगिनमध्ये पण तपासणी बंद करायचा ऑप्शन हाये. झालं!"

खरंच एका ओळीचं काम होतं. सबमिशनला चार दिवस उरले होते आणि बाकीचे दोघेही त्याच्याच बाजूने होते. मी म्हटलं, "टाकू. पण आधी एक गोष्ट बघ."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, हॉस्टेलवर लाईट आल्यावर, आम्ही आमच्याच फोनवर आमच्याच ॲपची परीक्षा घेतली. ती एक ओळ टाकली. मग माझ्या लॅपटॉपवरून वायफाय हॉटस्पॉट सुरू केला. नाव दिलं लॅबच्या वायफायचंच, पासवर्डही तोच. मध्ये एक प्रॉक्सी बसवला. हा प्रॉक्सी सर्व्हरच्या नावाने स्वतःचं बनावट प्रमाणपत्र पुढे करतो. पार्टनरच्या फोनने ओळखीचं नाव बघून आपणहून हॉटस्पॉट पकडला. त्याने ॲपमध्ये एक खोटा खाते नंबर टाकला आणि 'पाठवा' दाबलं. त्याच्या पडद्यावर हिरवी टिक आली, 'नोंद जतन झाली'. आणि माझ्या लॅपटॉपवर तोच नंबर जसाच्या तसा!

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ब्राउझरमध्ये निदान लाल पाटी तरी येते. इथं तर काहीच आलं नाही."

मुद्दा नेमका हाच आहे. ब्राउझरमध्ये वर पत्ता दिसतो, इशारा दिसतो, निर्णय वापरणाऱ्याच्या हातात असतो. हायब्रीड ॲप आतून वेबपेज असलं तरी त्याला पत्त्याची पट्टीच नसते. त्यामुळे बागायतदार काकांच्या वतीने 'हा सर्व्हर खरा की खोटा' हे ठरवणारे आपणच. आणि आपण तिथे कायमचं 'खरा' असं लिहून ठेवलं तर त्यांना कधी कळायचंही नाही.

हे फक्त आपल्यासारख्या पोरांचंच होतं असंही नाही. २०१२ साली जर्मनीतल्या संशोधकांनी अँड्रॉइडची १३,५०० मोफत ॲप तपासली. त्यातल्या १,०७४ ॲपमध्ये ही तपासणी ढिली ठेवणारा, धोक्याचा ठरू शकेल असा कोड सापडला. टेस्टिंगसाठी टाकलेली ओळ काढायची राहून जाते, हे त्यामागचं एक नेहमीचं कारण.

पार्टनर वाद घालण्यात पक्का. म्हणाला, "मोठ्या सह्यावाले तरी कुठं धुतल्या तांदळाचे? २०१४ ला एनआयसीच्या सहीनं गुगलच्या नावाची चुकीची प्रमाणपत्रं निघालीच की!" बरोबर आहे. जुलै २०१४ मध्ये गुगलनेच ते जाहीर केलं होतं. पण पुढे काय झालं? भारताच्या प्रमाणन नियंत्रकांनी ती मधली प्रमाणपत्रं रद्द केली आणि गुगलने भारताच्या रूट प्रमाणपत्राची मान्यता क्रोममध्ये ठराविक डोमेनपुरतीच ठेवली. चूक झाली, पण व्यवस्थेत ती पकडायला आणि निस्तरायला जागा होती. 'सगळ्यांवर विश्वास' म्हटलं की रद्द काय करणार आणि कुणाचं?

मग सेल्फ-साइन्ड म्हणजे खोटं का? मुळीच नाही. फोनमध्ये आधीपासून भरलेली जगभरची मोठी रूट प्रमाणपत्रंही स्वतःच स्वतःवर सही केलेलीच असतात! फरक एवढाच, की त्या सह्या फोन बनवणाऱ्यांनी पारखून यादीत ठेवलेल्या असतात. आपली सही त्या यादीत नसते. म्हणजे तपासणी बंद करायची नाही, टेस्टिंगच्या फोनला आपल्या सहीची ओळख करून द्यायची.

आम्ही काय केलं ते ज्युनिअर्ससाठी लिहून ठेवतो. तुमच्या दोन रात्री वाचतील.

आधी स्वतःचं छोटं रूट प्रमाणपत्र तयार केलं आणि त्याच्या सहीने सर्व्हरचं वेगळं प्रमाणपत्र काढलं. २०१८ पासून 'एमकेसर्ट' नावाचं मोफत साधन आहे, ते हे दोन मिनिटांत करतं. रूटची खाजगी किल्ली त्या पीसीवरच ठेवायची. पेन ड्राइव्हवर नाही, ग्रुपवर तर नाहीच नाही. सर्व्हरचं नाव किंवा आयपी पत्ता 'सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम' या रकान्यात असलाच पाहिजे. जुन्या पुस्तकातला 'कॉमन नेम' क्रोमने २०१७ पासूनच बघणं सोडलंय. आणि लॅबमधला आयपी रोज बदलत असेल तर आधी तो पक्का करून घ्या, नाहीतर रोज नवं प्रमाणपत्र!

मग ते रूट टेस्टिंगच्या फोनमध्ये बसवलं. पण अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ नंतर, आपण हाताने बसवलेलं रूट ॲप आपोआप मानत नाहीत. त्यासाठी 'नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिग' ही छोटी फाईल लिहावी लागते. तिच्यात 'डीबग ओव्हरराइड्स' हा भाग असतो. आपल्या रूटची ओळख तिथेच द्यायची. ॲप डीबग असेल तेव्हाच तो भाग लागू होतो. रिलीज बनवताना काढायची आठवण ठेवा, अशी भानगडच नाही. आमचा फोटो त्या दिवशी पहिल्यांदा वर गेला. आयफोनवर प्रोफाइल टाकून भागत नाही. सेटिंग्जमध्ये जनरल, मग अबाउट, तिथे अगदी खाली 'सर्टिफिकेट ट्रस्ट सेटिंग्ज' आहे. तिथलं बटण चालू करावं लागतं. टेस्टिंग संपलं की दोन्हीकडून ते रूट काढून टाका.

आणि शेवटचं. डीबगवर चाललं म्हणजे प्रमाणपत्र तपासून झालं, असं कॉर्डोव्हात समजू नका. रिलीज ॲप खऱ्या डोमेनवर, खऱ्या प्रमाणपत्रासकट तपासा. 'लेट्स एन्क्रिप्ट' हे प्रमाणपत्र फुकट देतं. मुदत कमी असते, म्हणून नूतनीकरण आपोआप होईल असं लावून ठेवा. मग बनावट प्रमाणपत्राचा प्रॉक्सी मध्ये बसवा. ॲपने नकार दिला तरच पास! आम्हाला यापायी एक दिवस जास्त लागला. सबमिशन वेळेतच झालं, फक्त झोप गेली.

प्रोजेक्टच्या चाचणीसाठी आम्ही घनसावंगी तालुक्यातल्या एका बागेत गेलो होतो. काकांनी चहा पाजला, फोन हातात घेतला, पासबुकाचं पान उघडलं आणि फोटो काढायच्या आधी थांबले. म्हणाले, "बाळा, ह्यो फोटू मधी दुसरं कुणी बघंल का रं?"

मी पार्टनरकडे बघितलं. तोच पुढे झाला आणि म्हणाला, "नाही काका. मधलं कुणी घुसलं तर ॲप फोटो पाठवतच नाही. आम्ही स्वतः घुसून पाहिलंय."

काकांनी मान डोलावली आणि फोटो काढला. व्हायव्हात आम्हाला बरेच प्रश्न आले. पण एवढा नेमका कुणीच विचारला नाही.