खडूवरची ओली रेघ

रंग ताजा दिसला की या जोडाऱ्याचा संशय वाढतो. रायपूरच्या बूढापाऱ्यात, बूढा तलावापासून दोन गल्ल्या आत राहणारा हा मराठी माणूस जन्मभर फिटर होता. मराठीत या कामाला ‘जोडारी’ म्हणतात, आणि तो शब्द त्याला फिटरपेक्षा जास्त आवडतो. धान कापणीला आलं की ओळखीचे शेतकरी कबाड्याकडून उचललेला ट्रॉलीचा हूक पोत्यात गुंडाळून घेऊन येतात. ‘काका, बघा जरा.’

काका आधी हुकाकडे पाहतच नाहीत. किती कट्टे भरणार, ते विचारतात. छत्तीसगढच्या सोसायटीत धान ४० किलोच्या कट्ट्यांत मोजलं जातं. १०० कट्टे झाले की ४ टन, ट्रॉलीचं लोखंड वेगळंच. दोनचाकी ट्रॉलीचा काही भार पुढे हुकावर येतो. दहावा हिस्सा धरला तरी ४०० किलो, आणि खड्ड्यात चाक आदळलं की त्या घटकेला त्याहून पुष्कळ जास्त.

१८७७ मध्ये चौदा वर्षांचा नरेंद्र, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, रायपूरला आला तेव्हा रेल्वे इथवर पोचलेली नव्हती. प्रवासाचा शेवटचा लांब पल्ला बैलगाडीचा होता. बूढापाऱ्यात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. काकांना मात्र त्यात गाडीची जोडणी दिसते. जू, शिवळा, जोत. शिवळ मोडायला आली की करकरते, मग दुसरी तासून घालता येते. पोलाद करकरत नाही. एवढीशी चीर आतल्या आत महिनोन्‌महिने वाढत राहते, आणि एके दिवशी भर रस्त्यात तुकडा पडतो.

म्हणून पहिलं काम पिनेच्या भोकाचं. काका व्हर्नियर उभा लावतात, मग आडवा. उभं माप ३२ मिलिमीटर आणि आडवं ३६ आलं, तर भोक लांबट झालंय. पिन त्यात प्रत्येक ब्रेकला हातोड्यासारखी आपटणार. नवी पिन घालून ते दुखणं जात नाही. मग पट्टीची कड डोळ्याच्या रेषेत धरायची. वाकलेला हूक गॅसवर तापवून सरळ केलेला असेल, तर रंगाखाली खरवडल्यावर निळसर झाक किंवा पापुद्रे सापडतात. तसा माल फुकट मिळाला तरी परत.

नट-बोल्ट मात्र नवेच. बोल्टच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं असतं, त्यातला पहिला आठ सांगतो की तुटण्यापूर्वी तो दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन, म्हणजे साधारण ८० किलोचा ताण सोसेल. दुसरा आठ सांगतो की त्या ताणाच्या ८० टक्क्यांपलीकडे गेला की तो लांबतो आणि पुन्हा आखडत नाही. जुना बोल्ट त्या हद्दीपलीकडे जाऊन आलाय का, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

टेक्सासमधला भाचा व्हिडिओ कॉलवर गाडीमागे ट्रेलर जोडायचा जुना बॉल हिच दाखवतो, तेव्हाही प्रश्न मापाचाच. दोन इंची कपलरमध्ये पावणेदोन इंचांहून एक सूत मोठा बॉल बसतो, कुलूपही लागतं, आणि उसळीसरशी निसटतो. फरक जेमतेम ३ मिलिमीटरचा. बॉलवरचा आकडा वाचून दाखव, एवढंच काका म्हणतात.

एकदा ते स्वतःच फसले होते. काळा रंग, जाडजूड वेल्डिंग, किंमत निम्मी. पंधरा दिवसांत वेल्डिंगच्या कडेने पट्टी उकलली. सुदैवाने ट्रॉली रिकामी होती. तेव्हापासून घासलेटाची बाटली आणि खडू बाकाखालीच असतात.

आजच्या हुकाचाही सांध्यावरचा रंग खरवडला जातो. घासलेट चोळून पंधरा मिनिटं थांबायचं, कोरडं पुसायचं, वर खडू घासायचा. मग हातोडीचे हलके ठोके. शेतकरी वाकून बघतो. पांढऱ्या पट्ट्यात आधी काहीच नाही. मग सांध्याच्या कडेला केसाएवढी ओली रेघ उमटते आणि बोटभर पुढे सरकते. काका बोलत नाहीत. शेतकरी पोतं उचलतो, हूक पुन्हा गुंडाळतो आणि विचारतो, ‘कबाडी आता दुकानात असेल ना?’