व्हर्मांटची बंबफोड

यंदा ऑक्टोबरातल्या लाँग वीकएंडला आम्ही सहकुटुंब व्हर्मांटला जाऊन आलो. "फॉल कलर्स बघायला का?" असं सगळ्यांनी विचारलं. रंग पाहिलेच, पण गेलो होतो लाकडं फोडायला!

त्याचं असं झालं. ऑफिसातले आमचे एक जुने सहकारी निवृत्तीनंतर व्हर्मांटच्या ईशान्य कोपऱ्यात, 'नॉर्थईस्ट किंगडम'मध्ये जाऊन राहिलेत. सत्तरी उलटलेली, गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, आणि घर तापतं ते लाकडाच्या स्टोव्हवर. "मदतीला येऊ का?" असं आम्ही फोनवर सहज म्हटलं, तर ते चक्क "या" म्हणाले.

बॉस्टनहून आय-९३ ने उत्तरेला निघालं की फ्रँकोनिया नॉचची खिंड लागते. २००२ साली मास्टर्ससाठी आलो, त्याच शरदात इथल्या कड्यावरचा 'ओल्ड मॅन ऑफ द माउंटन' हा दगडी चेहरा आम्ही पाहिला होता. ३ मे २००३ ला तो कोसळला. चिरंजिवांना आम्ही दरवेळी ती रिकामी जागा दाखवतो, आणि तेही दरवेळी "हो बाबा" म्हणतात. सेंट जॉन्सबरीला आय-९३ संपतो. पुढे लहान रस्ते, लाल-पिवळे मेपल आणि घराघरापुढे रचलेली लाकडं.

लाकडं म्हटलं की आम्हाला वाईचं आजोळ आठवतं. वखारीतून मणावर लाकडं यायची, मामा अंगणात कुऱ्हाडीने बंबफोड करायचे. गाठीचा ओंडका असला की लोखंडी पाचर ठोकायची. इथे हिशोब 'कॉर्ड'चा: ८ फूट लांब, ४ फूट रुंद, ४ फूट उंच, म्हणजे १२८ घनफूट. यजमानांना एका हिवाळ्याला सहा कॉर्ड लागतात. आणि आम्ही फोडणार होतो ती लाकडं या हिवाळ्याची नव्हेत, पुढच्या! ओलं लाकूड जाळलं तर धूर फार, धुराड्यात काजळी साचते आणि ती पेटते. आतला ओलावा २० टक्क्यांच्या खाली यायला निदान एक उन्हाळा जावा लागतो.

ओंडके वाहायला त्यांच्याकडे छोटा स्किड-स्टिअर लोडर आहे. याला स्टिअरिंगचं चाक नसतं. डाव्या-उजव्या चाकांचा वेग कमी-जास्त करून तो जागच्या जागी वळतो. १९५७ मध्ये मिनेसोटातल्या रॉथसे गावी सिरिल आणि लुई केलर या भावांनी एका टर्की पाळणाऱ्या शेतकऱ्याची कोठारं साफ करायला असा पहिला लोडर बनवला. त्याचाच वंश पुढे 'बॉबकॅट' नावाने जगभर पसरला. यजमान गुडघा सांभाळत त्यात चढले, ओंडके उचलून जमिनीलगत धरले आणि उतारावरून चक्क उलटे खाली आले. "भार नेहमी चढाकडे," ते म्हणाले. एवढंच.

मग हायड्रॉलिक स्प्लिटर. एका टोकाला पाचर, दुसऱ्या टोकाला दट्ट्या. लाकूड अडेपर्यंत दट्ट्या भरभर येतो. अडलं की पंप आपोआप दुसऱ्या टप्प्यात जातो: तेल कमी, दाब जास्त. आमच्यातला इंजिनिअर जागा झाला! लिव्हर आमच्या हातात, लाकडं ठेवायला चिरंजीव. "बघ, ४ इंच व्यासाचा सिलिंडर, चौरस इंचाला ३,००० पौंड दाब, म्हणजे सतरा टन जोर! पास्कलचा नियम..." सौ. शेजारी ढीग रचत होत्या.

आम्ही बोलत असतानाच एक ओंडका तिरका बसला. चिरंजिवांनी तो सरळ करायला हात घातला, आणि त्याच क्षणी आम्ही लिव्हर ढकलली.

यजमान ओरडले. आम्ही लिव्हर सोडली, दट्ट्या थांबला. हातमोज्याचं टोक लाकडात अडकलं होतं. हात बाहेर होता. पाचही बोटं शाबूत. सौ. काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

यजमानांनी इंजिन बंद केलं, सगळ्यांना पायरीवर बसवलं, कॉफी दिली. मग शांतपणे म्हणाले, "चूक माझी, आधी सांगायला हवं होतं. लाकूड ठेवील त्याचाच हात लिव्हरवर. दुसरा माणूस जवळ नको." आणखी एक सांगितलं: नळीतून तेल गळतंय का हे हाताने चाचपू नये. सुईएवढ्या भोकातून येणारी धारही कातडी भेदून आत जाते.

सतरा टनांचा हिशोब आम्हाला तोंडपाठ होता, पण पोराचा हात कुठे आहे ते दिसलं नव्हतं. मामा कुऱ्हाड उचलण्यापूर्वी "लांब व्हा रे" म्हणून ओरडायचे, आणि सगळी पोरं ओट्यावर गेल्याशिवाय घाव घालायचे नाहीत. यंत्र आलं म्हणून ते ओरडणं कसं विसरलो?

दुपारभर यजमान एकटेच स्प्लिटरवर होते. आम्ही तिघं रचत होतो. संध्याकाळपर्यंत दीड कॉर्ड झालं.

निघताना सौ.नी घरच्या फायरप्लेससाठी चार लाकडं मागितली. यजमानांनी मान हलवली. अ‍ॅश झाडं पोखरणारा हिरवा भुंगेरा २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला आणि २०१८ मध्ये व्हर्मांटमध्येही. असे किडे सरपणाबरोबर प्रवास करतात, म्हणून जिथलं लाकूड तिथेच जाळावं, असं ते म्हणाले.

त्यामुळे डिकी रिकामीच आली. फाटलेला हातमोजा मात्र आम्ही मागून घेतला. तो आता गॅरेजमध्ये, हत्यारांच्या फळीवर, डोळ्यांसमोर टांगला आहे.