हाताला न कळलेला गारवा

आमच्या फोंड्याच्या घरात ताप बघायचं साधन एकच, आईचा हात. पालथा हात कपाळावर ठेवायची आणि सांगायची, ‘कणकण आहे’ किंवा ‘काही नाही, खेळू दे’. आम्हा चार भावंडांचं बालपण याच निदानावर निभावलं.

मागच्या श्रावणात लेक बाळंतपणाला आली. नातू आठ दिवसांचा होता, बाहेर पाऊस धो धो. सकाळी भाणातल्या ऊन पाण्याने न्हाणं झालं. दुपारी मात्र तो दूध ओढीना, नुसता निपचित. आईने कपाळाला हात लावला. ‘अंग मुळीच तापलेलं नाही. न्हाणाची झोप आहे ती.’

आम्हाला हायसं वाटलं. लेक काही बोलली नाही. तिने दुपट्यातून त्याचं पाऊल काढलं आणि माझा हात त्यावर ठेवला. गार! पोट चाचपलं, तेही गारच. मग तिने डिजिटल थर्मामीटर आणला. काख कोरडी केली, टोक काखेच्या मधोमध ठेवलं, दंड अंगाशी धरून ठेवला. बीप वाजेपर्यंत माझा जीव खालीवर. आकडा आला ९६.२.

तान्ह्या बाळाचं काखेतलं तापमान ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट, म्हणजे ३६.५ ते ३७.५ सेल्सिअस असावं लागतं. आम्ही जन्मभर ताप चढलाय का, एवढंच बघत आलो. पण एवढ्याशा जिवाला आपल्यासारखं कुडकुडून ऊब आणता येत नाही, आणि जंतुसंसर्ग झाला तर ताप येण्याऐवजी त्याचं अंग गारही पडू शकतं. पोट उबदार आणि पाय गार असतील तर लगेच ऊब द्यायची. दोन्ही गार असतील तर ऊब देत डॉक्टरांकडे निघायचं.

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तसं लेकीने त्याला उघड्या छातीशी धरलं, टोपी घातली, वरून शाल घेतली आणि तशीच गाडीत बसली. संसर्गच निघाला. इंजेक्शनं झाली, आठवड्याने बाळ घरी आलं.

आई खट्टू होती. ‘माझ्या हाताने फसवलं रे.’

‘नाही आई, ताप नव्हताच. आपण दुसरं काही बघितलंच नाही.’

आता पणतवाला मांडीवर घेतला की ती आधी त्याचे तळवे चाचपते, मग पोट. जरा शंका आली की मला हाक, ‘ते बीपवालं आण रे!’