येसकराची काठी

माझा पणजा गावचा येसकर. रात्री वेस लावायची, परका माणूस हटकायचा, पाटलाचा सांगावा पोचवायचा. हातात घुंगराची काठी. दुसऱ्या दिवशी त्याच हातात भाकरीची पाटी. आजा लहानपणी ती पाटी धरून त्याच्या मागं हिंडलेला. तो सांगायचा, "गाव आमी राखायचो. निजायला मातर येशीभायेर." 1958 च्या कायद्यानं ती वतनं गेली. काठी माळ्यावर पडून राहिली.

ती काठी मला आठवली 26 जानेवारी 2024 ला. रातपाळी करून आलो होतो, टीव्ही चालू होता. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू बग्गीतून आल्या. आदिवासी बाई बग्गीत! ऊर भरून आला. पुढंमागं उंच घोड्यांवर भालेवाले जवान. शेजारचा दोस्त म्हणाला, "ह्यात आपला कोण आसंल का रं?"

मी शोधलं. हे राष्ट्रपतींचं अंगरक्षक दल. 1773 साली वॉरन हेस्टिंग्जनं बनारसला उभं केलं. त्याच्या घोडेस्वारांत घ्यायचं ते फक्त राजपूत, जाट आणि जाट शीख. 2013 साली सुप्रीम कोर्टात लष्करानं ही भरती कबूल केली. कारण दिलं, समारंभाला सगळे सारख्या उंचीचे, सारख्या बांध्याचे, सारखे दिसायला पाहिजेत. 2018 साली दिल्ली हायकोर्टानंही सरकारकडं खुलासा मागितला.

उंची! आमच्या रिंग खात्यातला एक गडी दारातनं वाकून येतो. त्याची उंची कुणी मोजली?

आणि हे दल कायम असंच होतं का? नाही. कधी त्यात अवधचे मुसलमान होते, कधी मद्रासकडचे लोक. 1857 नंतर इंग्रजांचा विश्वास उडाला, भरती पंजाबकडं सरकली. 1947 ला मुसलमान जवान पाकिस्तानात गेले. म्हणजे राज्यकर्त्याची भीती बदलली की रक्षकाची जात बदलली. 'लढाऊ जाती' हे त्याच इंग्रजाचं खूळ. त्याच खुळापायी 1890 च्या दशकात महारांना पलटणीत घेणं बंद केलं. कोरेगावच्या खांबावर आमची नावं कोरलेली असताना! महार रेजिमेंट उभी राहायला 1941 उजाडलं.

दुसरी वाट नव्हती असं नाही. 1949 साली करिअप्पांनी गार्ड्स ब्रिगेड उभी केली. नाव विलायतेतल्या राजाच्या गार्ड्सवरून घेतलं, पण भरती सगळ्या जातींची, सगळ्या प्रांतांची. मग जे रणांगणात चालतं ते राष्ट्रपतींच्या दारात का चालत नाही?

त्या घोड्यावरच्या जवानांशी माझं भांडण नाही. तीही शेतकऱ्यांचीच पोरं. छत्रीनं उड्या मारतात, सियाचेनला जाऊन आलीत. माझं भांडण त्या यादीशी आहे. के. आर. नारायणन 1997 ला राष्ट्रपती झाले, रामनाथ कोविंद 2017 ला. आमचा माणूस त्या महालात राहायला गेला. पण त्याच्या स्वतःच्या भावकीतलं पोरगं त्याच्या दारात भाला घेऊन उभं राहू शकत नव्हतं. घटनेचं सोळावं कलम काय सांगतं? सरकारी नोकरीत जातीवरून भेद नाही. त्या घटनेची शपथ राष्ट्रपती घेतात.

दोस्तहो, मला घोड्याची हौस नाही. पण पणज्याला राखण दिली आणि घर नाकारलं. आता घर दिलं आणि राखण नाकारली. वेस तीच आहे. फक्त बाजू बदलली.

काठी मी माळ्यावरून खाली काढलीय. घुंगरं गंजलीत, पण वाजतात.